रुमालाखालचा सत्कार

जुळे सोलापूर,
१२ नोव्हेंबर २०२५

चि. भुवना,

तुझ्या अक्काचा आशीर्वाद. फोनच केला असता, पण या फ्लॅटच्या भिंती पातळ आहेत आणि संगमेशचे कान अलीकडं फार तिखट झालेत. म्हणून पत्र. वाचून झालं की शेजारच्या बाईला दाखवू नकोस.

बातमी अशी की मला जीवनगौरव पुरस्कार मिळतोय. हसू नकोस. आमच्या कांदा आडत मित्रमंडळाचा स्नेहमेळावा १४ डिसेंबरला आहे, त्यात देणार. अध्यक्ष उदयसिंह स्वतः घरी आले होते, हातात श्रीफळ आणि पेढ्यांचा पुडा घेऊन. इतक्या वर्षांत या माणसानं मला कधी चहा पाजला नाही. चहा माझ्या गाळ्यावर मी मागवायचा आणि दोन कप त्यांनी प्यायचे, हीच पद्धत. तेच आता माझ्या सोफ्यावर बसून म्हणतात, "अक्का, तुम्ही मार्केटची शान आहात. तुमचा मान राखायची पाळी आता आमची."

तुला मार्केटातलं काही ठाऊक नाही, म्हणून नीट सांगते. सकाळी शेतकरी गोण्या सोडून कांदा ओततात. मी ढिगावर उभी राहते आणि खरेदीदारांकडून बोली घेते, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. ज्याची बोली वरची, त्याचा माल. दिवाळीपासून उदयसिंह आणि बाकीच्या मोठ्या खरेदीदारांनी नवीन टूम काढली आहे. बोली तोंडानं द्यायची नाही, मोबाईलवर टाकायची. शेतकऱ्याला शेवटी नुसता आकडा कळणार. कोणी किती दिले, कोणी कोणाशी आधीच जमवून घेतलं, काही कळायला मार्ग नाही. जुन्या काळी रुमालाखाली भाव ठरायचा, तसलाच प्रकार. मी बैठकीत उभं राहून नाही म्हटलं. मी नाही म्हटलं की बाकीच्या आडत्यांनाही धीर येतो, त्यामुळं ते बारगळलं. त्यानंतर आठ दिवसांत हे श्रीफळ.

आणि आमचे चिरंजीव. मी खोलीत गेले की फोन ठेवतो. परवा माझे जुने फोटो शोधत होता. विचारलं तर म्हणे, "असंच." चाळिशी उलटलेला पोरगा असंच आईचे फोटो शोधतो का गं?

मला वाटतं हे सगळे मिळून मला शाल घालून घरी बसवणार. शालीला माझी ना नाही, घरी बसायला आहे. मी ढिगावरून उतरले की दुसऱ्या दिवशी मोबाईल सुरू होईल. तू शाळेत पोरांच्या तोंडाकडं बघून कॉपी ओळखायचीस. तुला यात काय वास येतो ते कळव.

तुझी अक्का,
सिद्धेश्वरी


कुर्डुवाडी,
१७ नोव्हेंबर २०२५

ती. अक्का,

शरणार्थी, पाया पडते. पत्र मिळालं. वाचून आधी हसले, मग पेढे आणून वाटले. शेजारणीलाही दिला, पण पत्र दाखवलं नाही.

अगं, तुझा स्वभाव पोलीस खात्याला फार उपयोगी पडला असता. लहानपणी गड्ड्याच्या जत्रेत दुकानदारानं एक बत्तासा जास्त दिला तर तू तो परत केलास, उद्या हा काहीतरी मागेल म्हणून. मी त्या बत्ताशासाठी दोन दिवस रडले होते. माणसं म्हातारपणी मान देतात, कारण तो तेव्हाच द्यायचा असतो. मी निवृत्त झाले तेव्हा शाळेनं मलाही शाल-श्रीफळ दिलं, सगळे चार शब्द चांगले बोलले, मला रडू आलं. त्यात कोणाचा काही डाव नव्हता. माझी खुर्ची दुसऱ्या दिवशी पाटीलबाईंना दिली ते सोड.

आणि खरं सांगू का? तू आणखी किती दिवस त्या कांद्यांवर चढणार आहेस? मध्यंतरी भोवळ येऊन पडलीस ते थोडक्यात निभावलं. हात मोडला असता म्हणजे? संगमेश काही परका नाही. थोडं त्याच्यावर सोडून बघ. समारंभाला ती डाळिंबी ईरकल नेस आणि मुकाट्यानं शाल घे. एक दिवस तरी लोकांना तुझ्याबद्दल चांगलं बोलू दे.

तुझी,
भुवना


जुळे सोलापूर,
२१ नोव्हेंबर २०२५

चि. भुवना,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी उत्तर दे. मी भोवळ येऊन पडले हे तुला कोणी सांगितलं?

मी सांगितलेलं नाही. पाहिलं ते हमालांनी आणि संगमेशनं. हमालांपैकी कोणी कुर्डुवाडीला येऊन तुझ्याकडं चहा पिऊन गेला असेल असं वाटत नाही. मग मला आठवलं. दिवाळी झाल्यावर संगमेश "बार्शीला काम आहे" म्हणून गेला आणि संध्याकाळी लिंबाचं लोणचं घेऊन आला. मी बोट लावून चाखलं. त्यात ओवा होता. आपल्या सगळ्या गोतावळ्यात लिंबाच्या लोणच्यात ओवा घालणारी तू एकटी. बार्शीच्या बाजारात तुझं लोणचं कधीपासून मिळायला लागलं?

तुझ्यावर माझा राग नाही. तू भोळी आहेस. पोरानं "मावशी, मावशी" केलं असेल आणि तू पाघळली असशील. माझा हिशेब असा आहे की उदयसिंहांनी संगमेशला हाताशी धरलंय आणि संगमेशनं तुला. मंगळवारी तो उदयसिंहांच्या गाडीतून उतरला. विचारलं, कुठं होतास? "काकांबरोबर चहा घेत होतो." पैसे कोणी दिले? "काकांनी." बघ, आता तो माणूस चहाही पाजायला लागला. हे लक्षण चांगलं नाही.

मार्केटातही सगळे माझ्याशी फार गोड बोलतायत. जे तोंडावर भांडायचे ते आता "अक्का, जपून" म्हणतात. मी बसले की कोणीतरी लगेच पंखा लावतं. आजारी माणसाच्या घरी बोलतात तसं माझ्याशी बोलतायत, आणि त्या बोलण्याची मला खरंच भीती वाटते गं. भांडण मला कळतं. हे कळत नाही.

तू एक काम कर. संगमेश तुझ्याशी बोलतो, तर काय ठरलंय ते त्याच्याकडून काढून घे आणि मला लिही. घरातल्या माणसांवर आता माझा भरवसा राहिलेला नाही. तू एकटी उरलीस.

आशीर्वाद.

तुझी अक्का


कुर्डुवाडी,
२७ नोव्हेंबर २०२५

ती. अक्का,

शरणार्थी. त्या ओव्यानं घात केला म्हणायचा. होय, संगमेश येऊन गेला. तुला आवडणार नाही म्हणून मी बोलले नव्हते.

तुझ्या पडण्यानं तो फार हादरलाय. तुझा रक्तदाब वाढलाय, डॉक्टरांनी उन्हात उभं राहू नका म्हणून सांगितलंय, हे तू मला एका अक्षरानं कळवलं नाहीस. ते मला त्याच्याकडून कळलं. बोलता बोलता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. डाव करणारा मुलगा असा नसतो, अक्का.

आणि तो आला होता मानपत्र लिहून मागायला. मावशीनं मराठी शिकवलंय, तर तिच्याइतकं चांगलं कोण लिहिणार, असं म्हणाला. मी लिहिलं. लिहायला बसले आणि रुद्रप्पा दाजी गेले तेव्हाची तू डोळ्यांपुढे आलीस, कडेवर संगमेश. मला पहिला कागद टाकून द्यावा लागला. मानपत्रात काय आहे ते आधी सांगायचं नसतं, म्हणून विचारू नकोस. बाकी काही ठरलेलं मला तरी माहीत नाही.

गुडघा फार धरलाय, त्यामुळे समारंभाला येणं होणार नाही. फोटो मात्र सगळे पाठव. तू व्यासपीठावर मधोमध बसलेली मला बघायची आहेस.

तुझी,
भुवना


जुळे सोलापूर,
१५ डिसेंबर २०२५

भुवना,

काल सत्कार झाला. फोटो संगमेश पाठवील. हकिगत मी लिहिते.

हॉल भरला होता. मी डाळिंबी ईरकल नेसले, तू म्हणालीस म्हणून. व्यासपीठावर झेंडूच्या माळा लावलेली एक आरामखुर्ची होती. मला वाटलं कोणा पाहुण्यांना पाठीचा त्रास असेल. ती माझी भेट होती.

उदयसिंहांनी मानपत्र वाचलं. आवाज चांगला आहे त्यांचा. "पतीच्या अकाली निधनानंतर पदर खोचून ज्या माउलीनं संसार सावरला, चिमुकल्याला वाढवलं, ज्यांच्या हातच्या शेंगाचटणीची चव गाळ्यावर आलेला कोणीही विसरू शकत नाही." मी जन्मात कधी गाळ्यावर शेंगाचटणी नेलेली नाही. मी वाट बघत होते. आता येईल, पुढच्या वाक्यात येईल. रुमालाची गोष्ट आलीच नाही.

तुला ती ठाऊक आहे. तरी लिहिते, कुठंतरी लिहिलेली असावी म्हणून. मी गाळ्यावर बसायला लागले तेव्हा आमच्या ओळीत भाव रुमालाखाली ठरायचा. आडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात धरायचे आणि बोटं दाबून आकडे सांगायचे. ज्याचा कांदा, तो शेतकरी बाजूला उभा राहून नुसता रुमालाकडं बघायचा. पहिल्याच दिवशी एकानं रुमालाखाली माझा हात धरला आणि सौदा झाल्यावरही सोडला नाही. मी हात ओढून घेतला, रुमाल ढिगावर फेकला आणि म्हटलं, माझ्या गाळ्यावर यापुढं भाव तोंडानं सांगायचा, सगळ्यांना ऐकू येईल असा. मग तो मोसमभर कोणी फिरकलं नाही. गाळ्यावर आलेला कांदा सडला. त्या शेतकऱ्यांना मी माझ्या पाटल्या मोडून भरपाई दिली. हळूहळू वैरागकडं बातमी गेली की एका बाईच्या गाळ्यावर आपल्या मालाचा भाव आपल्याला ऐकायला मिळतो. तिकडच्या गाड्या माझ्याकडं लागल्या. माल जिथं असेल तिथं खरेदीदाराला यावंच लागतं. पुढच्या दोन-तीन वर्षांत आमच्या सगळ्या ओळीतले रुमाल गेले.

मी केलेलं मोठं काम हेच. संसार तर सगळ्याच बायका सावरतात.

मानपत्राचा शेवट असा होता: "आणि आता तृप्त मनानं व्यवसायाची धुरा चिरंजीव संगमेश यांच्या हाती सोपवून अक्का विश्रांती घेत आहेत." टाळ्या पडल्या. उदयसिंहांनी खुर्चीकडं हात केला. मी संगमेशला जवळ बोलावून विचारलं, हे वाक्य कोणाचं? तो उदयसिंहांचं नाव घेईल याची मला खात्री होती. तो खाली बघत म्हणाला, "मावशीचं. चारचौघांत वाचलं की आई नाही म्हणणार नाही, असं म्हणाली. काकांना सांगितलं तर त्यांनाही पटलं."

मी सगळ्यांवर संशय घेतला. उदयसिंहांवर, पोटच्या पोरावर, पंखा लावणाऱ्या हमालावरसुद्धा. आणि ज्या बाईला ते सगळे संशय लिहून पाठवत होते, तीच निघाली. "बाकी काही ठरलेलं मला तरी माहीत नाही." हे तू तुझ्या हातानं लिहिलंस, भुवना. मला त्या माणसांमध्ये उभं राहवेना.

सत्काराला उत्तर द्यायची पद्धत असते, म्हणून त्यांना माझ्या हातात माईक द्यावा लागला. मी म्हटलं, "शाल घेतली. खुर्ची कोणा गरजूला द्या. उद्या सकाळी लिलावाला मी उभी आहे." टाळी एकानंही वाजवली नाही.

आज सकाळी गेले. ढिगावर चढले, आवाज दिला. मोठ्या खरेदीदारांपैकी एकही तोंड उघडेना. सगळे हातात मोबाईल धरून उभे. उदयसिंह हसत म्हणाले, "अक्का, काल सगळ्यांसमोर निवृत्त झालात की. आता तुमच्याकडं बोली कशी द्यायची?" बघ तुझं वाक्य कुठं कामाला आलं. किरकोळवाल्यांनी थोडा माल उचलला, बाकीचा दुपारपर्यंत तसाच पडून होता. असंच आठ-पंधरा दिवस चाललं तर शेतकरी तरी माझ्याकडं कशाला थांबतील? मग मला कोणी उतरवायची गरजच नाही.

तू काळजीपोटी केलंस हे कळतं. त्याचा राग नाही. झाकून केलंस, माझा सौदा मला न विचारता केलास, त्याचा राग आहे. रुमालाची गोष्ट का गाळलीस तेही कळतं. बहिणीचा हात परक्या पुरुषाच्या हातात, हे मानपत्रात बरं दिसलं नसतं. तू कधी मार्केटात पाऊल टाकलं नाहीस. मी काय काम करते ते तू बघितलेलंच नाही, मग लिहिणार तरी काय? चटणीच लिहिणार.

सिद्धेश्वरी


कुर्डुवाडी,
१९ डिसेंबर २०२५

ती. अक्का,

शरणार्थी. तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. तू ढिगावरून पडलीस आणि उठलीच नाहीस, असं मला रोज डोळ्यांपुढे दिसत होतं. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. म्हणून विचारलं नाही. मोबाईलचं तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस, पण मला वाटलं, हे तुमचं मार्केटातलं नेहमीचं भांडण. मी ते वरवर वाचून पुढे गेले. माझ्या एका वाक्यानं इतकं होईल असं मनातही आलं नव्हतं. फार वाईट वाटतंय गं.

चटणीचं वाक्य मात्र माझं नाही. ते त्यांनी घातलं.

सोमवारी सकाळच्या पहिल्या गाडीनं येते. गुडघा आहे तसाच आहे, त्याचं काय करायचं ते मी बघेन. मला बोलायचं ते सगळं बोल. फक्त मार्केटात उभं कुठे राहायचं तेवढं सांग.

भुवना


कुर्डुवाडी,
२४ डिसेंबर २०२५

ती. अक्का,

शरणार्थी. सुखरूप पोचले. तू मला दिवसभर एक शब्द बोलली नाहीस, त्यामुळे माझं सगळं बोलणं राहून गेलं. ते आता लिहिते.

तुझा माणूस मला गाळ्याच्या पायरीशी उभं करून गेला. समोर ते मोबाईल धरलेले लोक. एकेकाचा चेहरा असा, जणू कोणाच्या मयताला आलेत आणि घाई आहे. मला वाटलं, आज पुन्हा तसंच होणार, आणि ते माझ्यामुळे. तेवढ्यात वैरागची ती बजाबाई आली, स्वतःच्या टेम्पोतून माल घेऊन. उदयसिंहांचा एक माणूस तिला पलीकडच्या गाळ्यावर चला म्हणाला, तिथे मोबाईलवर लगेच काम होतं म्हणून. ती गोण्यांवर हात ठेवून म्हणाली, "न्हाय बा. माज्या कांद्याचा भाव माज्या कानानं ऐकल्याबिगर मी माल द्यायची न्हाय. आक्का उबी हाय, तर हितंच वतनार." आणि तिनं पहिली गोणी सोडली. मागच्या दोन टेम्पोंनीही मग तिथेच माल उतरवला.

तू चढलीस. मी शाळेत पोरांवर आयुष्यभर ओरडले, पण तुझा तो आवाज मला माहीत नव्हता. आधी कोणी बोलेना. तू तोच आकडा पुन्हा दिलास, मग पुन्हा, न चिडता. मला तुझी लाज वाटेल असं वाटत होतं आणि मला त्या गप्प उभ्या असलेल्या माणसांची लाज वाटली. मग तो लहान खरेदीदार, कल्लप्पा, त्यानं घाबरत "चौदाशे" म्हटलं. उदयसिंहांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याची मान खाली गेली, पण तोवर तू "चौदाशे एक वार" म्हणून टाकलं होतंस. मग पलीकडून कोणीतरी पन्नास वाढवले. प्रत्येक आकड्याला बजाबाईची मान वर होत होती. मी ढिगाकडे बघायचं सोडून तिच्याकडेच बघत राहिले. शेवटी उदयसिंहांनी मोबाईल खिशात घातला आणि खणखणीत आवाजात बोली दिली. त्यांचा ट्रक रिकामा उभा होता, काय करतील?

त्याच वेळी तू झोकांडी खाल्लीस. मी बघितलं. संगमेश धावला. तू त्याचा खांदा धरलास, पण उतरली नाहीस. त्यालाच धरून पुढची बोली घेतलीस. तो खांदा देऊन शेवटपर्यंत तसाच उभा राहिला आणि एकदाही "आई, बस" म्हणाला नाही. माझ्या तोंडात आलं होतं. मी गिळून टाकलं.

पण आता तोंडावर सांगते, झाकून नाही. डॉक्टरांकडे जा. गोळी वेळेवर घे. डोक्यावर छत्री धरायला एक माणूस ठेव. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण, पण मी विचारत राहणार.

आणि उदयसिंह गप्प बसतील असं मला वाटत नाही. निघताना त्यांनी मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "बाई, मानपत्र फार सुंदर लिहिलं होतंत. पुढच्या वर्षी कल्लप्पांच्या वडिलांचा सत्कार करायचा म्हणतोय, तुम्हीच लिहा." मला तो नमस्कार आवडला नाही. सत्कार म्हणजे घरी बसवणं, हे आता मला कळतं. कल्लप्पाला सांभाळ. तुझा संशय मला आता पुरता लागला आहे.

परतीच्या गाडीत माझ्या साडीला कांद्याचा वास येत होता. समोरच्या बाईनं विचारलं, "कांदा हाय व्हय तुमचा?" मी म्हटलं, माझा नाही, माझी बहीण कांद्याचा लिलाव करते. मग तिला सगळं सांगितलं. रुमालाचं सांगितलं, त्या माणसानं हात सोडला नाही तेही सांगितलं. आमच्या शाळेतले एक निवृत्त मास्तर शेजारी बसले होते, तरी सांगितलं. मोहोळ गेलं, माढा गेला, तरी माझं चालूच होतं. डब्यातली आणखी चार माणसं वळून ऐकत होती.

ती बाई म्हणाली, "लई मोठं काम केलं की वो तुमच्या बहिणीनं. कुणी सत्कार-बित्कार केला का न्हाय तिचा?"

"नाही," मी म्हटलं. "अजून नाही."

तुझी,
भुवना